टेकडीवर चढत गेलेली घरे

दरवर्षी जूनमध्ये महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की अर्ज तपासण्याचे कंटाळवाणे काम आम्हा अध्यापकांकडे येते. अशाच एका अर्जात 'कायमचा पत्ता' या रकान्यात एका विद्यार्थ्याने दोन गावे लिहिली होती. एक तळोदा तालुक्यातील पुनर्वसन वसाहतीचे, दुसरे अक्राणी तालुक्यातील नर्मदाकाठच्या मूळ गावाचे. कायमचा पत्ता एकच असतो, असे त्याला सांगितले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, भाऊ वसाहतीत राहतो, आई-बाबा वरच्या घरी. मग कायमचं कोणतं लिहू?" अर्जात एकाच गावाला जागा होती. मी वसाहत ठेवली आणि दुसऱ्या गावावर रेघ ओढली. त्या रेघेचे समर्थन मला आजतागायत करता आलेले नाही.

नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे नर्मदा. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांना लागून ती सुमारे ५४ किलोमीटर वाहते. वाहत होती असे म्हणणे अधिक बरोबर, कारण आता तेथे सरदार सरोवराचा फुगवटा आहे. या धरणाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, ती सर्व याच दोन तालुक्यांतील. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, डोमखेडी, निमगव्हाण ही नावे एके काळी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर असत. आंदोलन, न्यायालये, जागतिक बँकेची १९९३ मधील माघार, सर्वोच्च न्यायालयाचा १८ ऑक्टोबर २००० चा निकाल, हा सारा इतिहास वाचकांना परिचित आहे आणि तो येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. त्यानंतर काय उरले, हा या लेखाचा विषय आहे. उतारावरची आणि काठावरची शेते बुडाली, पण डोंगरमाथे बुडाले नाहीत. काही माथ्यांना तिन्ही बाजूंनी आणि काहींना चहूबाजूंनी पाणी लागले व टापू तयार झाले. या माथ्यांवर आजही माणसे राहतात. पूर्वी जेथे पायवाटेने जाता येई तेथे आता नावेने जावे लागते. पाणी उतरू लागले की नाव आणि कोरडी जमीन यांच्यामध्ये कंबरेएवढा गाळ येतो, तो वेगळाच.

या वस्त्यांतील घरांचा इतिहास धरणाच्या उंचीबरोबर वाचावा लागतो. १९९५ मध्ये बांधकाम थांबले तेव्हा धरण ८०.३ मीटरवर होते. १९९९ मध्ये ते ८८ मीटर झाले, २००० च्या निकालानंतर ९०, २००४ मध्ये ११० आणि २००६ मध्ये १२१.९२ मीटर. २०१७ साली दरवाजे बंद करून १३८.६८ मीटरपर्यंत पाणी अडवण्याची व्यवस्था पूर्ण झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. दिल्ली-गांधीनगरच्या कागदांवर या आकड्यांना 'टप्पे' म्हणतात. डोंगरात प्रत्येक टप्प्याला घर उकलले जाई. कौले उतरवायची, कुडाच्या भिंती सोडवायच्या, सागाचे खांब उपटायचे आणि सारे खांद्यावर घेऊन पाण्याच्या रेषेच्या वर नेऊन पुन्हा उभे करायचे. एकेका कुटुंबाने वीस-पंचवीस वर्षांत दोनदा, तीनदा असे घर वर नेले आहे. खांब मात्र बरेचसे तेच राहिले.

भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे घर ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांना हे पटकन उमजेल. या घराला पाया नसतो, खांब असतात. जाड सागाचे खांब जमिनीत रोवायचे, त्यांवर आडव्या-उभ्या लाकडांचा सांगाडा चढवायचा, बांबू चिरून विणलेल्या कुडाला शेणामातीने लिंपायचे. गुरे व माणसे एकाच छपराखाली. आत बांबूच्या कणग्या आणि त्यांत ज्वारी, मका, तूर. बाहेर अंगणात उन्हाळ्यात मोहफुले आणि अक्राणीचा आमचूर वाळत घातलेला. घरे एकमेकांना चिकटून नसतात, ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात. म्हणून शहरातून गेलेल्या माणसाला हे गाव गावासारखे दिसत नाही. परंतु घर उभे करण्याच्या दिवशी गाव दिसते. लाह नावाची परस्परश्रमाची चाल या डोंगरात आहे: आज माझ्या घराला पाड्यातील सर्वांचे हात, उद्या तुझ्या घराला माझे. मजुरी नाही, हिशेबाची वही नाही, घरच्यांनी जेवू घालायचे. आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात श्रमबाजार शिकवतो तेव्हा हा व्यवहार कोणत्या प्रकरणात घालावा, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

वारसा कोणाला म्हणायचे?

नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये जाहीर झाला. पुनर्वसनाच्या दृष्टीने तो त्या काळाच्या मानाने उदार होता, हे मान्य केले पाहिजे. जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व त्याने रुजवले. त्या निवाड्यात आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. बुडितात येणाऱ्या ऐतिहासिक वास्तू, पुरातत्त्वीय अवशेष आणि पूजास्थाने यांच्या स्थलांतराचा व रक्षणाचा खर्च गुजरातने सोसावा, असे त्यात म्हटले आहे. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले आणि देवाची नवी स्थापना गुजरातेत गोरा येथे झाली, ती याच विचाराला धरून. म्हणजे वारसा बुडतो आणि तो सांभाळणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व १९७९ सालीच स्वीकारलेले होते. परंतु त्याच निवाड्यात घराच्या स्थलांतरासाठी पुनर्वसन अनुदान ठरले ते वाहतूक खर्चासह प्रतिकुटुंब ७५० रुपये. दगडी मंदिर वारसा ठरले. वाघदेवाचे स्थान, होळीची जागा, पूर्वजांचे दगड आणि सागाच्या खांबांचे घर 'सामान' ठरले.

असे का व्हावे? एक कारण कायद्याच्या व्याख्येत आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. डोंगरातील घर या कसोटीला उतरणार नाही. कूड काही वर्षांनी बदलतो, कौले फुटतात, आणि आता तर जागाही बदललेली. नोंदवहीत ते २००६ चे किंवा २०१७ चे घर आहे. जपानमध्ये इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारतात. २०१३ साली ते बासष्टाव्यांदा उभारले गेले. त्याला कोणी दहा-बारा वर्षांचे मंदिर म्हणत नाही. लाकूड नवे, पण मोजमाप, सांधे, विधी आणि ते जाणणारे हात जुने, हे तेथे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या सातपुड्यात तर उलट लाकूडच जुने आहे.

दुसरे कारण माझ्या विषयाशी संबंधित आहे आणि त्याचा दोष थोडा आम्हा अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांकडेही येतो. सरकारी मूल्यांकनात घर ही झिजणारी मालमत्ता समजतात. बांधणीची किंमत धरायची, वयाप्रमाणे घसारा वजा करायचा, उरेल ती भरपाई. सिमेंटच्या घराला हे गणित ठीक लागू पडते. सागाच्या खांबाला पडत नाही. साठ वर्षांचा पक्व खांब आज नव्याने मिळवायचा तर तो कोठून आणणार? जंगलात तोडण्याची मुभा नाही, वखारीत किंमत परवडत नाही. ज्या वस्तूची पुनर्निर्मिती अशक्यप्राय झाली आहे तिची किंमत वयाबरोबर घटते असे मानणे, हा साधा हिशेबाचा दोष आहे. लाहमध्ये खर्ची पडलेले श्रम तर मूल्यांकनाच्या तक्त्यात येतच नाहीत, कारण त्यांची कोणी पावती दिलेली नसते.

एका परदेशी बेटाची गोष्ट

अमेरिकेत लेक सुपीरियर या महासरोवरात आईल रॉयल नावाचे एक दुर्गम बेट आहे. तेथे मासेमारी करणारी स्कँडिनेव्हियन वंशाची कुटुंबे होती, तशीच उन्हाळ्यापुरती येऊन राहणारी कुटुंबेही होती. दोघांचीही लाकडी घरे. १९३१ साली अमेरिकन काँग्रेसने या बेटाचे राष्ट्रीय उद्यान करण्याचा कायदा केला आणि १९४० मध्ये उद्यान प्रत्यक्षात आले. जमिनी सरकारने घेतल्या. ज्यांना जायचे नव्हते अशा काही कुटुंबांना आजीवन भाडेपट्टे देण्यात आले: पट्टेदार जिवंत असेतो घर त्याचे, त्याच्या पश्चात सरकारचे. पुढे १९७६ साली बेटाचा बहुतेक सर्व भूभाग 'निसर्गारण्य' म्हणून घोषित झाला, म्हणजे माणसाच्या खुणा जेथे शक्यतो असू नयेत असा प्रदेश. पहिल्या काही दशकांत कित्येक घरे पाडली किंवा जाळली गेली. उरलेल्यांपैकी अनेकांची डागडुजी त्या कुटुंबांचे वंशज स्वतःच्या श्रमाने व पैशाने करीत आले. घरे ऐतिहासिक आहेत, हे सरकार हळूहळू मान्य करू लागले. पण ती राखणाऱ्या कुटुंबांचा त्यांवर हक्क काय, हा प्रश्न शेवटचे पट्टेदार वृद्ध होऊन गेले तरी लोंबकळतच राहिला.

या उदाहरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली आजीवन पट्ट्याची. दिसायला तो कनवाळू दिसतो: म्हातारीला तिच्या घरात मरू द्या, मग बघू. प्रत्यक्षात तो वारशाच्या मुळावरच घाव आहे, कारण जे पुढच्या पिढीकडे जाणार नाही ते मुले कशाला शिकतील, कशाला शाकारतील? आपल्याकडे असा पट्टा कोणी लिहून दिलेला नाही. पण टापूवरील म्हाताऱ्यांकडे पाहण्याची आपली दृष्टी तीच आहे. 'जुनी माणसे आहेत, हटत नाहीत, त्यांच्यानंतर तेथे कोणी राहणार नाही,' हे वाक्य मी सुशिक्षित मंडळींच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. दुसरी गोष्ट त्या बेटाच्या आणखी जुन्या रहिवाशांची. ओजिब्वे हे मूळ अमेरिकन लोक या बेटाला मिनाँग म्हणतात. कोळ्यांची व हौशी उन्हाळकरांची घरे वारसा ठरावीत की नाही याची चर्चा दशकानुदशके चालली. ज्यांनी घरे नव्हे तर नावा, वाटा आणि तांब्याच्या खाणी मागे ठेवल्या त्यांच्याशी असलेला बेटाचा नातेसंबंध अधिकृत नोंदीत यायला २०१९ साल उजाडले. आपल्याकडे ज्यांची घरे आहेत आणि जे मूळचे रहिवासी आहेत ते एकच लोक आहेत. आपला प्रश्न त्या मानाने सोपा असायला हवा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो क्षुल्लक नाही. प्राध्यापक महाशयांना पक्क्या घरात बसून कुडाच्या घराचे कौतुक सुचते. ज्या टापूवर बाळंतिणीला नावेतून न्यावे लागते, जेथे कुपोषणाने मुले दगावतात, तेथे माणसांना वारशाच्या नावाखाली ठेवायचे काय? तेथील हलाखीबद्दल मला शंका नाही. तरंगता दवाखाना आहे, निवडणुकीच्या वेळी मतदान-पथके नावेने जातात. म्हणजे शासनाला वाट माहीत आहे, ती रोज चालावीशी मात्र वाटत नाही. २०२० साली, साथीच्या काळात, चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका दूरच्या पाड्यांवरील बालकांपर्यंत आहार पोचवण्यासाठी दररोज अठरा किलोमीटर नाव वल्हवीत असे, ही बातमी देशभर गाजली. तिचे कौतुक योग्यच झाले. यंत्राची नाव तिच्याकडे का नव्हती, हे विचारणारे थोडे होते. सेवेचा अभाव हा तेथे राहण्याचा अपराध मानून 'मग खाली या' असे सुचवणे म्हणजे आपलेच न्यून त्यांच्या माथी मारणे होय.

शिवाय ही माणसे कोणी डांबून ठेवलेली नाहीत. त्यांनी काही हिशेब केलेला आहे. वसाहतीत भावाला जमीन मिळाली, शाळा-रस्ता जवळ आला. वर डोंगरात उन्हाळ्यात मोह, चारोळी, तेंदू आहेत. जलाशयात मासे आहेत आणि त्यासाठी गावकऱ्यांच्या सहकारी संस्थाही झाल्या आहेत. पाणी उतरले की काठच्या ओलाव्यात गाळपेर होते. एका ठिकाणी पीक बुडाले तर दुसरे ठिकाण कुटुंबाला तारते. जोखीम विभागावी, हे आम्ही वर्गात भांडवलाच्या संदर्भात शिकवतो. तोच विचार आदिवासी कुटुंबाने केला की त्याला दोन दगडांवर पाय ठेवल्याचा दोष देतो. संपादित जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, तो व्यवहार पुरा झाला. परंतु बुडिताच्या रेषेवरच्या, ज्यांचे संपादनच झालेले नाही अशा शेतांवरचा आणि घरांवरचा हक्क त्या व्यवहाराने संपत नाही.

गेल्या काही वर्षांत आणखी एक वारे वाहू लागले आहे. धरणाच्या खालच्या अंगाला केवडिया येथे २०१८ साली १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला आणि त्या परिसराचे रूपच पालटले. मणिबेली तेथून फार दूर नाही. उद्या कोणाला या टापूंवर 'आदिवासी निवास' उभारून पर्यटक नेण्याची कल्पना सुचली तर आश्चर्य वाटायला नको. कुडाच्या भिंती राहतील, कदाचित अधिक सुबक लिंपलेल्या राहतील, ढोलही वाजेल. राहणार नाही ते घरमालकाचे घरमालकपण. पाहुण्यांचे चार पैसे मिळू नयेत असे मी म्हणत नाही. पण कोणाला येऊ द्यायचे, हे त्या ग्रामसभेने ठरवायला हवे, कंत्राटदाराने नव्हे.

कायदा तयार आहे

नवा कायदा हवा, अशी मागणी करण्याची आपल्याला सवय झाली आहे. येथे ती गरज नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधने जपण्यास सक्षम मानले आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आदिवासींच्या निवासस्थानाचे रक्षण करताना 'सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा' असा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्यात, ज्यांना देय पुनर्वसन न देता बेकायदा हलवले गेले त्यांच्या मूळ ठिकाणच्या पुनर्वसनाचा हक्कही आहे. न्यायमूर्ती दाऊद समितीने २००१ सालीच महाराष्ट्रातील बाधितांच्या नोंदी किती अपुऱ्या आहेत हे दाखवून दिले होते. कायदा आहे, अहवाल आहे, ग्रामसभा आहे. नाही ती घरांची नोंद.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लाकडाची. वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली, इमारती लाकूड त्यात येत नाही. घराचा खांब कुजला तर नवा आणायचा कोठून? म्हणून लोक पत्रा आणि लोखंडी नळ्यांकडे वळतात, आणि आपण 'आदिवासींनाच परंपरा नको आहे' असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेच्या शिफारशीने घरदुरुस्तीपुरते मोजके लाकूड देण्याची सोपी वाट वनखात्याने काढली, तर जंगलावर फारसा भार पडणार नाही. ज्यांना पत्र्याचे किंवा विटांचे घर हवे असेल त्यांनी ते जरूर बांधावे. निवड त्यांची असावी, लाकूड न मिळाल्याने गळ्यात पडलेली नसावी.

नोंदीचे काम महाविद्यालयांना करता येईल. टापूवरचे प्रत्येक घर किती वेळा हलले, कोणत्या उंचीवरून कोणत्या उंचीवर, खांब कोणाच्या आजोबांचे, बुडालेल्या पाड्यांची, नाल्यांची, देवस्थानांची पावरी आणि भिलोरी नावे कोणती, हे सांगणारी माणसे अजून आहेत आणि ती सत्तरीच्या पुढची आहेत. जीवनशाळांत शिकून पुढे आमच्याकडे आलेली मुले ही भाषा जाणतात. वर्षाकाठी कोठल्या तरी बाजारपेठेचे निर्जीव सर्वेक्षण करण्यापेक्षा प्रकल्पासाठी त्यांना हे काम द्यावे. मालकी ग्रामसभेची, एक प्रत तहसील कार्यालयात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. पावसाळ्यात तेथे जाणे शक्य नाही आणि हिवाळ्यात पाणी चढलेलेच असते. होळीनंतर पातळी उतरू लागते, घरांच्या दुरुस्तीचे दिवस तेव्हाच असतात आणि वसाहतीत गेलेली भावंडेही त्या सुमारास वर आलेली असतात. विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या याच वेळी येतात. त्या पंधरा दिवस मागेपुढे करता आल्या तर पहिली तुकडी येत्या फाल्गुनातच नावेत बसू शकेल.